अपूर्णांकाची वाकळ

सुया टोपीत खोचून हिंडणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि त्या सुयांनी मला दोनदा टोचलंय. एकदा गुरुजींची पडलेली टोपी घाईघाईनं उचलायला गेले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा मी पाया पडले आणि त्यांनी वाकून मला उठवलं तेव्हा. पहिल्या वेळी मी बोंब मारली होती. दुसऱ्या वेळचं टोचणं मात्र मी अजून कौतुकानं सांगते. ते कशापायी होतं ते पुढं येईलच.

त्यांचं नाव सांगत नाही. गावात तरी ते कुणाला नीट ठाऊक होतं! पाठीमागं सगळे चिंधीगुरुजी म्हणायचे, तोंडावर नुसतं गुरुजी. उंच, वाळकं अंग, बारा महिने काळा कोट. वैशाखात केजच्या सडकेवरचं डांबर पातळ व्हायचं, पण गुरुजींच्या कोटाचं बटण काही निघायचं नाही. त्या बटणांना दोरे गुंडाळलेले असायचे. वरच्याला लाल, मधल्याला पिवळा, खालच्याला हिरवा. वर्गात बोलता बोलता त्यांचा हात टोपीकडं जायचा, सुई निघायची, बटणावरून दोरा सुटायचा, आणि समोरच्या पोराचा फाटका खिसा शिवून व्हायचा. पोराला घरी गेल्यावर कळायचं.

त्यांची शाळा निजामाच्या राज्यात झालेली, उर्दूत. त्यामुळं गणित बरोबर आलं की "बराबर!" आणि चुकलं की एकच शब्द: "उसवा." पाटीवरचं गणित असो, निबंध असो, नाहीतर वाकडी टीप असो. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. "उसवा" म्हणायचे आणि शेजारी मांडी घालून बसायचे. आपण उसवून पुन्हा घालेपर्यंत उठायचे नाहीत. काय सांगू, छडी परवडली असती. दोन छड्या खाल्ल्या की मोकळं होता येतं. गुरुजी जेवायची सुट्टी झाली तरी बसून असायचे आणि स्वतःच्या वाट्याची भाकरी आपल्याला खायला लावायचे.

ते मूळचे मूलोद्योगाचे मास्तर. मूलोद्योग म्हणजे शाळेत टकळीवर सूत काढायचा तास. त्या तासाला आमची पोरं टकळ्यांचे भोवरे करून फिरवायची. मी सातवीत गेले ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं साल. रानात कापूस नाही, म्हणून शाळेत पेळू नाहीत. पेळूच नाहीत तर सूत कशाचं काढणार? हेडमास्तर म्हणाले, हा तास आता बंद करू, त्या जागी गणित घेऊ. पोरं गणितात लई कच्ची आहेत.

"गणितच घेतो," गुरुजी म्हणाले. "पर चिंध्यांवर."

हेडमास्तरांना वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी केजचा बाजार धरला. शिंप्यांच्या दुकानांसमोर पोतं घेऊन बसायचे आणि मशीनखाली पडलेला एकेक तुकडा उचलायचे. शिंपी हसायचे. कंडक्टर त्या पोत्यासकट त्यांना एसटीत घेईना, तेव्हा हा माणूस पोतं डोक्यावर घेऊन चालत गावी यायचा. वेशीत कुत्री मागं लागायची. चिंधीगुरुजी हे नाव त्या कुत्र्यांमुळंच पडलं म्हणायचं.

त्या चिंध्या जोडून आम्ही वाकळी शिवायच्या होत्या, आणि वाकळीच्या अस्तराला कापड लागतं. सोसायटीच्या गोदामात दुष्काळी धान्याची रिकामी पोती पडली होती, चांगली जाड कापडाची, निळी विलायती अक्षरं छापलेली. गुरुजी चेअरमनकडं गेले.

"कावून पाहिजेत गुरुजी, पोती?" चेअरमननं विचारलं.

"पोरांना अपूर्णांक शिकवायचाय."

चेअरमन सोसायटीच्या राजकारणात मुरलेला माणूस, पण अशी मागणी त्यानं जन्मात ऐकली नव्हती. दिली पोती. धुवायला पाणी तर गावात नव्हतंच. प्यायला टँकर यायचा. गुरुजी म्हणाले, "पाणी न्हाई तर उन्हानं धुवा." आम्ही आठ दिवस ती पोती दगडावर आपटली आणि उन्हात तापवली. धान्याचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

पोरांनी शिवायचं म्हटल्यावर गावात बोंब झाली. एक बडा शेतकरी तावातावानं शाळेत आला. माझ्या पोराला बायकांची कामं लावता का, म्हणाला. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "मालक, खळ्यावर पोत्याचं तोंड कोन शिवतं?"

"मीच शिवतो की."

"कशानं?"

"दाभणानं."

"मंग दाभण मर्दानी आनि सुई बायकी, असं हाय का? वीतभर लोखंडाचाच फरक दिसतोय मला तर."

पोरं खो खो हसली. त्या शेतकऱ्यालाही हसू आलं, आणि तिथून पुढं त्याचा पोरगा वर्गात सगळ्यांत बारीक टाके घालायला लागला.

आता माझं सांगते. मी गणितात दगड होते. पाव अधिक अर्धा किती, असं विचारलं की मी वरचे दोन आकडे मिळवायचे, खालचे दोन मिळवायचे आणि दोन षष्ठांश म्हणून मोकळी व्हायचे. तीन वर्षं मी हेच उत्तर दिलं. इतकं नेमानं दिलं की मागच्या बाकावरची पोरं माझ्याबरोबर म्हणायची.

गुरुजींनी मला फळ्याकडं नेलंच नाही. एक चौकोनी अस्तर दिलं. लाल कापड दिलं, त्याचा पाव हिस्सा कापायला लावला. पिवळ्याचा अर्धा कापायला लावला. म्हणाले, शिव दोन्ही अस्तरावर. मी शिवले. मग त्यांनी अस्तर उजेडासमोर धरलं.

"ही तुझी वाकळ. थंडीची रात हाय. वारं कुठून येतंय?"

मी उघड्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं.

"केवढं हाय ते भोक?"

"पाव."

"मंग झाकलं किती?"

"पाऊण," मी म्हणाले. तीन वर्षं जे डोक्यात शिरत नव्हतं ते समोर लटकत होतं, लाल आणि पिवळं. "दोन षष्ठांश न्हाई गुरुजी! पाऊण!"

"बराबर," ते म्हणाले. "आता त्या दोन षष्ठांशाला उसव. तीन वर्षं झाली, लई पक्की टीप हाय तुझी."

मग त्यांनी कुणी बघत नाही असं पाहून कोटाची बटणं काढली आणि एक बाजू उलटली. आतल्या अस्तरावर पांढऱ्या दोऱ्यानं तेराचा पाढा शिवलेला होता, तेरा एके तेरापासून तेरा दाहे तीसाशेपर्यंत. म्हणाले, "हा माझ्या डोक्यात कदी गेला न्हाई. मास्तरांनी मारून मारून कंटाळून सोडला. मंग मी तो अंगात घातला." तेव्हा मला बारा महिन्यांच्या कोटाचं कोडं सुटलं. हे गुपित मी ते हयात असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

पण हे सगळं चाललं होतं तोवर दिवाळी आली, आणि दिवाळीनंतर आमचं गाव अर्धं रिकामं होतं. ऊसतोडीला जातं. एरवी ज्यांची कोरडवाहू का होईना जमीन होती ती माणसं घर धरून राहायची. त्या वर्षी तीही निघाली. आमच्या वर्गातली अकरा पोरं-पोरी आईबापांबरोबर सहा महिन्यांसाठी कारखान्याला जाणार होती. त्यात मी एक.

माझं तर याहून पुढचं ठरलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. चौसाळ्याकडच्या पाहुण्यांचा एक पोरगा होता, त्याचा कोयता पुरा व्हायला बायको पाहिजे होती. मला तेरावं सरून चौदावं लागलेलं. वडील वाईट नव्हते. पण दोन वर्षं आभाळानं तोंड फिरवल्यावर माणूस एक खाणारं तोंड कमी कसं होईल ते बघतो, आणि मी गणितात दगड आहे हे साऱ्या गावाला माहीत होतं.

गुरुजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. वडिलांचं फाटकं पागोटं मागून घेतलं आणि शिवत शिवत बोलले. "पोरीचं डोकं आत्ता कुठं उघडलंय, मालक. सातवीची परीक्षा देऊ द्या. पास झाली तर शाळा, न्हाई झाली तर तुमचा हक्क हाय."

"सहा म्हैने शाळाच न्हाई, तर पास कशी व्हईल?"

"ते माझ्यावर सोडा."

वडिलांनी पागोट्याच्या शिवलेल्या टिपेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पास झाली तर शाळा. न्हाई झाली तर वैशाखात लगीन. शब्द." गुरुजींनी दोरा दातानं तोडला. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या ओट्यावर, त्या पागोट्यापाशी ठरलं.

हेडमास्तर वेगळेच अडून बसले. हजेरीपट हा त्यांचा देव. सहा महिने गैरहजर राहणाऱ्याचं नाव कमी करायचं, असा नियम. गुरुजी म्हणाले, नाव कमी करू नका, परीक्षा घ्या. अकरांतला एक जरी नापास झाला तरी मी चिंध्यांचं पोतं घेऊन दुसऱ्या तालुक्यात बदली मागतो. हेडमास्तरांना हा सौदा फारच आवडला.

निघायच्या आधीचे वीस दिवस आम्ही बोटं रक्ताळेपर्यंत शिवत होतो. एकेकाला सगळा अभ्यास शिवणं शक्य नव्हतं, म्हणून गुरुजींनी वाटून दिला. मला अपूर्णांक, रंगीत तुकडे आणि त्यांवर दोऱ्यानं काढलेली अक्षरं. एकाला महाराष्ट्राचा नकाशा, नद्या निळ्या दोऱ्यानं. एकीला व्याकरण, एकाला पाढे, एकाला क्षेत्रफळ, एकीला इतिहासातल्या सनावळ्या. अशा अकरा वाकळी. बेत असा, की तिकडं कोप्यांत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांत, पोरांनी वाकळी बदलून बदलून झोपायचं. आज नकाशावर, उद्या अपूर्णांकावर. अंगाखाली घेतलं की डोक्यात जाईल. शेवटी त्यांच्या आयांना हात जोडून म्हणाले, "पोरांना यावरच निजवा." आया "व्हय व्हय" म्हणाल्या.

आणि संक्रांतीला गुरुजी कारखान्यावर येऊन धडकले. दोन एसट्या बदलून, शेवटचा पल्ला उसाच्या बैलगाडीवर बसून. सणाची तोड बंद होती, सगळी माणसं कोप्यांवर होती. पाचट आणि बांबूच्या तट्ट्यांच्या त्या बुटक्या झोपड्या, दाराच्या जागी नुसतं भोक. भर दुपारी वारं असं की दात वाजावेत. पोरं पोती पांघरून कुडकुडत बसलेली, माझा धाकटा भाऊ खोकून खोकून लाल झालेला.

गुरुजींनी वाकून आमच्या कोपीत पाहिलं. पत्र्याच्या पेटीवर माझी वाकळ घडी करून ठेवलेली. घडीवर हळद-कुंकू. वर झेंडूचं वाळकं फूल.

"हे काय?" ते म्हणाले. "अंथरली न्हाई?"

आई पदर सावरत बाहेर आली. "आवो गुरुजी, तिच्यावर अक्षरं हायती न्हवं का? इद्येला पाय कसा लावायचा?"

"मंग उलटी अंथरा!"

"उलट्या बाजूला बी हायती की. निळी."

पोत्यावरची विलायती अक्षरं! आईला त्यातलं काय ठाऊक, पण अक्षर ते अक्षर. गुरुजी दुसऱ्या कोपीत गेले. तिथं महाराष्ट्राचा नकाशा हंड्यावर, कुंकू लावून. तिसरीत व्याकरणाला उदबत्ती. अकराही वाकळी दोन महिने पूजेत होत्या, आणि अकराही पोरं पोत्यांत. कुणाच्या डोक्यात एक टाकासुद्धा गेला नव्हता. माझा पाव आणि माझा अर्धा पुन्हा दोन षष्ठांशाच्या वाटेला लागले होते, हे मला चांगलं कळत होतं, आणि रोज उसाच्या फडात मोळ्या उचलताना मी वैशाख मोजत होते.

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. "मी गाढव! मी गाढव!" असं दोनदा म्हणाले. मग एकदम त्यांच्यात काही संचारलं. त्यांनी माझी वाकळ आणली, कोप्यांसमोरच्या मोकळ्या जागेत अंथरली, पायताण काढलं आणि जमलेल्या बायांना म्हणाले, "बघा. इद्या असं म्हनत न्हाई की मला पाय लावू नका. मी मास्तर हाय, मी पैला पाय ठेवतो."

त्यांनी पाय उचलला.

पाय खाली येईना. एका पायावर उभा असलेला तो उंच माणूस, काळा कोट, टोपीत चमकणाऱ्या सुया.  पाय इकडं गेला, तिकडं गेला, आणि शेवटी वाकळीच्या बाहेर मातीत टेकला. गुरुजी वाकले, वाकळीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"मला बी जमत न्हाई, बायांनो," ते पडेल आवाजात म्हणाले.

आधी एक बाई हसली, मग सगळ्या. अशा हसल्या की शेजारी उतरलेल्या घाटनांदूरच्या ऊसतोड टोळीतली माणसं काय झालं म्हणून पळत आली. गुरुजीही हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला मात्र हसू येत नव्हतं. मला रडू फुटलं होतं, कारण चौसाळ्याचा तो पोरगा आता अगदी समोर उभा राहिल्यासारखा वाटत होता.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग वाकळ उचलली, झटकली, कोपीच्या दाराशी गेली आणि वरच्या बांबूला तिची दोन टोकं बांधली. लाल पाव, पिवळा अर्धा, हिरवे आठवे भाग, सगळं दाराला लोंबायला लागलं. आत वारं यायचं थांबलं. पाय लागायचा प्रश्नच नव्हता. आत जाताना उलट मान वाकवावी लागत होती.

"असं चालंल का वो, गुरुजी?" आईनं विचारलं.

गुरुजींनी तिच्याकडं असं पाहिलं की मला माझ्या आईचा अभिमान काय असतो ते त्या दिवशी कळलं. "बराबर!" ते ओरडले. "बराबर, बाई, एकदम बराबर!"

अर्ध्या तासात अकराही दारांना अकरा वाकळी लागल्या. कोप्यांच्या ओळीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं की सातवीचा अख्खा अभ्यास होत होता. गुरुजींनी जाता जाता एकच नियम घालून दिला. कुणाच्याही कोपीत शिरायचं असेल तर दारावरचं आधी मोठ्यानं म्हणायचं.

आणि तो नियम पाळून घेतला आमच्या अडाणी आयांनी! मीठ मागायला जा, विस्तव आणायला जा, "वाच आधी, मंग ये आत." वाचता एकीलाही येत नव्हतं, पण फसवायची सोय नव्हती. आई रंगांवर लक्ष ठेवून असायची. "हिरवा राहिला बे तुझा," असं ती नकाशावाल्या पोराला ठणकावायची. "लाल आन् हिरवा मिळून किती, ते न्हाई सांगितलंस." फेब्रुवारी सरेपर्यंत तिलाच तोंडपाठ झालं होतं. घाटनांदूरच्या टोळीतली पोरंसुद्धा येऊन दारं वाचायला लागली. गाडीवान पत्ता सांगताना म्हणायचे, व्याकरणाच्या कोपीपासून चौथी. आजकाल कृतीतून शिक्षण म्हणून आम्हा मास्तरणींना प्रशिक्षणं देतात, तिथं मी चहा-बिस्किटं खाते आणि गप्प बसते. माझं प्रशिक्षण कधीच झालंय.

चैत्रात आम्ही गावी परतलो ते काळेठिक्कर होऊन, हातांना घट्टे घेऊन. परीक्षेला बसलो. त्या वर्षी तपासणीला एक साहेब आलेले, त्यामुळं हेडमास्तर इस्त्रीचा सदरा घालून तयार. पेपर सुरू झाला आणि थोड्या वेळात हेडमास्तरांची चुळबुळ सुरू झाली. अवघड गणित आलं की ही ऊसतोडीची अकरा पोरं एकदम मान वर करून वर्गाच्या दाराकडं बघायची. मग पुन्हा खाली बघून लिहायची. पुन्हा दाराकडं. हेडमास्तरांनी शिपायाला बाहेर पिटाळलं, दारापाशी कोण खुणा करतंय बघ म्हणून. शिपाई शाळेला दोन फेऱ्या मारून आला. बाहेर एक गाढव होतं, म्हणाला.

साहेबांनाही शंका आली. त्यांनी मलाच उभं केलं. "सांग, पाव अधिक एक अष्टमांश किती?"

मी दाराकडं पाहिलं. रिकामं दार, पण मला ते रिकामं दिसत नव्हतं. लाल एक, त्याला खेटून हिरवा एक.

"तीन अष्टमांश झाकलं, साहेब. पाच अष्टमांशातून वारं येतंय."

"वारं?"

"पुढचं बी शिवायचं राहिलंय, म्हणून."

 साहेब गुरुजींकडं वळून म्हणाले, "हे कुणी शिकवलं?" गुरुजी म्हणाले, "हिच्या आईनं." खोटं म्हणावं तर खोटंही नव्हतं ते.

निकालाच्या दिवशी आमच्या घरी चौसाळ्याचे पाहुणे येऊन बसले होते. वडिलांनी शब्द मोडला नव्हता. पाहुण्यांनाच घाई होती, आणि मी नापास होणार याची त्यांना खात्री होती. मी शाळेच्या पडवीत खांबाला धरून उभी होते. हेडमास्तरांनी हजेरीपट उघडला. एकेक नाव घेत गेले आणि प्रत्येक नावाला त्यांचा आवाज थोडा थोडा खाली यायला लागला. ऊसतोडीची अकरा पोरं. अकराच्या अकरा पास! गणितात पहिल्या तिघांत मी! मी, दोन षष्ठांशवाली! मी पळत जाऊन गुरुजींच्या पायांवर पडले. त्यांनी वाकून मला उठवलं, त्यांची टोपी घसरली, आणि सुई माझ्या कपाळात शिरली. हेच ते दुसरं टोचणं. रक्ताचा थेंब आला, तो त्यांनी कोटाच्या बाहीनं पुसला. बाकी हसले नाहीत, शाबासकी दिली नाही. म्हणाले, "तुझ्या वाकळीच्या खालच्या ओळीत एक टीप वाकडी हाय. बघितलीय मी. उसव ती."

हेडमास्तरांचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. त्यांनी त्याच दिवशी गुरुजींना विचारलं, शाळेच्या दाराला एखादी वाकळ मिळेल का? पुढं मी त्याच शाळेत मास्तरीण होऊन गेले तेव्हा ती तिथं लटकत होती. नकाशाची. गोदावरीचा दोरा थोडा विटला होता.

घरी गेले तर पाहुणे ओट्यावर. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. कपाळावर रक्त बघून आधी घाबरले.

"पास!" मी म्हणाले. 

वडील उठले. गुरुजींनी शिवलेलं ते पागोटं डोक्यावरून काढून पुन्हा नीट बसवलं, आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, च्या घ्या. घेऊन मंग निघा. आमची पोरगी आठवीला चाललीय." माझा बाप इतक्या ताठ मानेनं बोलताना मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या दोन वर्षांत तर नाहीच.

पाहुणे गेले. दुपार टळटळत होती. आई आत गेली, गावी आल्यापासून पुन्हा पेटीवर पुजून ठेवलेली वाकळ घेऊन आली. तिच्यावरचं हळद-कुंकू पदरानं हलक्या हातानं पुसलं. लिंबाखाली सावली बघून वाकळ भुईवर अंथरली, लाल पाव, पिवळा अर्धा, हिरवे आठवे, सगळं वर करून.

"पड हितं," ती मला म्हणाली.

"अगं, अक्षरं हायेत तिच्यावर. पाय लागंल."

"लागू दे," आई म्हणाली. "आता ती तिथं न्हाईत. समदी तुझ्यात आलीत. ही नुसती वाकळ राहिली. नीज, दमलीस."

मी पाय पसरून त्या वाकळीवर झोपले.